स्कूटरचे फटके आणि विजेचा माग

स्कूटरच्या सायलेन्सरमधून येणारा फटका म्हणजे चुकीच्या जागी पेटलेले पेट्रोल. जे मिश्रण सिलिंडरमध्ये जळायला हवे होते ते तिथे जळत नाही. ते तसेच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडते, तापलेल्या सायलेन्सरमध्ये साठते आणि थोडी ताजी हवा व एखादी ज्वाळा मिळताच एकदम पेट घेते. दुसरा प्रकार उलट दिशेचा असतो. इंटेक व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल किंवा मिश्रण फार सावकाश जळत असेल, तर ज्वाळा मागे कार्बोरेटरकडे येते आणि सीटखालच्या एअर फिल्टरच्या डब्यात ‘टप्प’ असा दबका आवाज होतो. गॅरेजमध्ये दोन्हींना ‘बॅकफायर’च म्हणतात, पण आवाज मागून येतो की सीटखालून येतो यावरून शोधाची दिशा ठरते.

मिश्रण सिलिंडरमध्ये न जळण्याची कारणे मोजकीच आहेत. ठिणगी पडली नाही, अशक्त पडली किंवा अवेळी पडली. पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण बिघडले. नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे. यातले पहिले कारण पूर्णपणे विजेचे आहे. म्हणूनच ‘गाडी मिसिंग मारते, फटके देते’ ही तक्रार आणि ‘सेल्फ घेत नाही, हॉर्न बसलाय’ ही तक्रार पुष्कळदा एकाच दोषाची दोन टोके असतात. कार्बोरेटर दोनदा साफ करूनही फटके थांबले नाहीत, आणि शेवटी दोष बॅटरीच्या अर्थ वायरच्या एका नटाखाली निघाला, असे घडण्यामागे हेच कारण असते.

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात हे जास्त दिसते, कारण इथली हवाच जोडांच्या मुळावर उठते. सातपाटी, मुरबे, नांदगाव, तारापूर, चिंचणी ही गावे थेट किनाऱ्यावर आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते उघड्या धातूवर बसतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेऊन द्रवते. त्यामुळे पाऊस पडला नाही तरी टर्मिनलवरचा मिठाचा थर ओलाच राहतो. त्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग आणि औषधांचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ही वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. तो निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन मिळून काढलेला असतो, पण तांब्याच्या वायरीला त्यातली आम्लयुक्त हवा पुरेशी होते. तांब्यावर हिरवट थर चढतो, पितळी पिना काळ्या पडतात आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी जमते.

वापराची पद्धतही यात भर घालते. एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, आणि पालघर, बोईसर, उमरोळी, वाणगाव या स्थानकांबाहेर दिवसभर उभ्या असलेल्या दुचाकींची रांग नेहमीची झाली. घरापासून स्थानकापर्यंत दोन-तीन किलोमीटर, मग दहा-बारा तास उन्हापावसात उभे राहणे, पुन्हा तेवढाच परतीचा प्रवास. एवढ्या अंतरात सेल्फने घेतलेली वीज बॅटरीत पुरती परत जात नाही. सायलेन्सरही इतका तापत नाही की ज्वलनातून तयार झालेले पाणी वाफ होऊन निघून जावे. ते आतच राहते आणि पत्रा आतून कुजवते. त्यामुळे एकाच सवयीतून एकीकडे बॅटरी कमजोर होते आणि दुसरीकडे सायलेन्सरला भोक पडते. फटक्यांची ही दोन्ही कारणे अशी घरबसल्या तयार होतात.

कोणत्या पिढीची गाडी

तपासणीला हात घालण्याआधी गाडीची इग्निशन कोणत्या पिढीची आहे हे पाहावे लागते. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये आणलेली चेतक किंवा साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया या टू-स्ट्रोक गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोत तयार होई आणि काँटॅक्ट पॉइंट ती योग्य क्षणी सोडत असे. इग्निशनला बॅटरीची गरज नसे. फटके येऊ लागले की पॉइंट घासणे, त्यांची फट बसवणे आणि कंडेन्सर बदलणे हीच पहिली कामे असत. ऑइलमुळे प्लगच्या टोकांमध्ये कार्बनचा पूल तयार होणे हाही त्या काळचा नेहमीचा दोष.

२००१ मध्ये होंडा ॲक्टिव्हा आली आणि पुढच्या काही वर्षांत गिअरलेस फोर-स्ट्रोक स्कूटर सर्वत्र झाल्या. पॉइंटची जागा सीडीआय नावाच्या बंद डबीने घेतली. मॅग्नेटजवळची पिकअप कॉइल क्रँकची जागा सांगते आणि सीडीआय त्या इशाऱ्यावर इग्निशन कॉइलमध्ये वीज सोडते. काही सीडीआय मॅग्नेटोच्या स्वतंत्र कॉइलवर चालतात, काही थेट बॅटरीवर. बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयची गाडी बॅटरी साफ बसली तर किकनेही चालू होत नाही, आणि बॅटरी अर्धवट असेल तर ठिणगी अशक्त पडते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक स्कूटरांतून कार्बोरेटर गेला. त्याऐवजी पेट्रोल पंप, इंजेक्टर, सेन्सर आणि त्यांचे गणित करणारी ईसीयू आली. हे सगळे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. म्हणून या गाड्यांमध्ये बॅटरी आणि जोड यांची तपासणी पहिली, बाकी सारे नंतर.

बॅटरीपासून सुरुवात

शोधासाठी लागणारी मुख्य वस्तू म्हणजे साधा डिजिटल मल्टिमीटर. त्याच्या जोडीला प्लगचा पाना, फिलर गेज, पॉलिश पेपर आणि दोन वायरी लावलेला १२ व्होल्टचा एक बल्ब असला की घरी करण्यासारखी जवळजवळ सगळी तपासणी होते. मल्टिमीटर नसताना एकामागून एक सुटे भाग बदलत जाणे ही सर्वांत महागडी पद्धत आहे. सीडीआय आणि ईसीयू विकणारे दुकानदार तर एकदा विकलेला माल सहसा परत घेत नाहीत.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी बंद असताना, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे चार्ज बराच उतरलेला; १२.० म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. पण उभ्या बॅटरीचा आकडा अर्धेच सांगतो. सेल्फ दाबून ठेवताना तो किती खाली येतो हे खरे महत्त्वाचे. दहा व्होल्टच्या आसपास टिकला तर बॅटरीत दम आहे. आठ-नऊवर कोसळला तर बॅटरी आधी चार्ज करून पुन्हा पाहावी. स्कूटरची बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-तासांची असते आणि तिला तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.४ अँपिअरने, सावकाश चार्ज करायचे असते. कारच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात ‘फुल’ केलेली बॅटरी आतून भाजून निघते.

इंजिन चालू करून थोडी रेस दिली की बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा. तो १२.५ च्या पुढे जात नसेल तर चार्जिंग होत नाही. मग स्टेटर, त्याचा कपलर आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर यांकडे वळावे. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर निकामी झाला आहे, आणि बॅटरी सुकण्याआधी तो बदलावा. बल्ब एकामागून एक उडत असतील तर बहुधा हाच दोष असतो, किंवा बॅटरीचे टर्मिनल सैल असते. चालत्या गाडीत बॅटरीचा जोड क्षणभर सुटला की व्होल्टेज उसळते आणि त्यात बल्ब जातात.

उभ्या गाडीत वीज कुठे तरी झिरपत असेल तर तेही मोजता येते. चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवावी आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून तो वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. काही मिलिअँपिअरपर्यंत ठीक. सततची ५० मिलिअँपिअरची गळती ४ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी ८० तासांत, म्हणजे तीन दिवस आणि आठ तासांत रिकामी करते. बाहेरून बसवलेले अलार्म, मोबाइल चार्जर आणि जास्तीच्या एलईडी पट्ट्या हे यातले नेहमीचे आरोपी. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र दाबू नये. मीटरचा फ्यूज उडतो.

न दिसणारा अर्थचा दोष

किनारपट्टीच्या गाड्यांत सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष हा अर्थचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. समजा, बॅटरीवर १२.६ व्होल्ट आहेत, सेल्फ दाबताना बॅटरीच्या टर्मिनलांवर १०.८ राहतात, तरीही मोटर जड फिरते. बॅटरीच्या आकड्यांत काही वावगे नाही. आता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि लाल पिन इंजिनाच्या एखाद्या स्वच्छ, बिनरंगी बोल्टवर टेकवायची आणि सेल्फ दाबायचा. दोन्ही बिंदू एकाच अर्थचे आहेत, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवे. ०.२ व्होल्टपर्यंत चालते. तिथे १.५ किंवा २ व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्टेज अर्थच्या वाटेतच खर्च होते आहे.

सेल्फची मोटर ४० अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या जोडात फक्त ०.०५ ओहम अडथळा असेल, तर ४० गुणिले ०.०५ म्हणजे २ व्होल्ट त्या जोडातच मुरतात. गंमत अशी की तोच जोड मल्टिमीटरच्या ओहमवर तपासला तर तो उत्तम दिसतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.१ ते ०.३ ओहम असतो, त्यात ०.०५ हरवून जातो. म्हणून जाड वायरींचे जोड ओहमवर तपासण्यात अर्थ नाही. भार चालू ठेवूनच ते तपासावे लागतात. नवी बॅटरी टाकली की असा दोष काही आठवडे झाकला जातो, कारण नव्या बॅटरीला दोन व्होल्ट गमावणे परवडते. ती जरा जुनी झाली की तक्रार परत येते आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

उपाय साधा आहे. अर्थची वायर इंजिनाला किंवा चासीला जिथे बोल्टने बसते तिथला नट सोडवून वायसर, वायरीचा डोळा आणि धातू पॉलिश पेपरने उजळ करायचे, घट्ट आवळायचे आणि मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावायचे. ग्रीस आधी लावू नये. धातूला धातू टेकल्यावरच ते बाहेरच्या ओलीला अडवते. वायरीच्या आवरणाखाली हिरवा गंज बोटभर आत शिरला असेल तर तो भाग कापून नवा डोळा बसवावा लागतो. हीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूलाही करता येते: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मोटरच्या टर्मिनलपर्यंत, वाटेतल्या रिलेसह.

सेल्फ दाबल्यावर काहीच होत नसेल, साधा ‘टिक’ आवाजही येत नसेल, तर ब्रेक लिव्हर दाबून मागचा ब्रेक दिवा लागतो का ते पाहावे. बहुतेक गिअरलेस स्कूटरांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फला वीज मिळत नाही, आणि लिव्हरखालचा छोटा स्विच खाऱ्या हवेत लवकर खराब होतो. एका लिव्हरने दिवा लागत नसेल तर दुसऱ्याने पाहावे. दुसऱ्याने सेल्फ फिरला तर दोष दोन मिनिटांत सापडला. नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही इंजिन अडवतो, आणि तो तर चिखलाच्याच उंचीवर बसवलेला असतो.

दिव्यांवरूनही बरेच कळते. २०१७ पूर्वीच्या अनेक स्कूटरांत हेडलाइटला वीज थेट मॅग्नेटोतून मिळे. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक दिवा बॅटरीवर चालत. अशा गाडीत हेडलाइट चांगला लागतो आणि हॉर्न-इंडिकेटर मेलेले असतील तर फ्यूज, बॅटरी किंवा चार्जिंगची बाजू पाहावी. हेडलाइटच मंद असेल आणि बाकी सारे ठीक असेल तर स्टेटरची लायटिंग कॉइल किंवा तिचा कपलर. होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थची, लाल थेट बॅटरीची आणि काळी चावीनंतरची असते. एवढे लक्षात ठेवले तरी गुंत्यात वाट सापडते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नये, तांब्याची तार तर मुळीच गुंडाळू नये. त्याने वायरिंग पेटते. फ्यूजच्या जागी तो १२ व्होल्टचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तोवर बल्ब झगझगीत पेटेल. मग हँडल डावी-उजवीकडे फिरवत, वायरिंग हलवत जावे. ज्या जागी बल्ब विझतो किंवा मंद होतो तिथे आवरण घासलेले असते. बहुतेकदा ती जागा हँडलखालच्या वळणावर सापडते. भातकापणीनंतर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही इथल्या गाड्यांत निघतात.

ठिणगीची परीक्षा

वीज जागेवर आहे याची खात्री झाली की प्लग काढायचा. त्याचा रंग इंजिनाच्या आतली हकिगत सांगतो. कोरडा फिकट तपकिरी म्हणजे ज्वलन ठीक. काजळीसारखा काळा व कोरडा म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, किंवा एअर फिल्टर चोंदलेला. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल आत येते आहे. पांढरा, भाजल्यासारखा म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही, किंवा गाडी ओव्हर झाली आहे. फट त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान, फिलर गेजने बसवायची. झिजून फट वाढलेल्या प्लगला जास्त व्होल्टेज लागते. रिकाम्या गाडीला ते मिळते, पण चढावर दोघे बसलेले असताना मिळत नाही, आणि नेमक्या तिथेच गाडी ठोके चुकवते.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा आणि किक किंवा सेल्फ मारावा. निळी-पांढरी, ‘टक टक’ आवाजाची ठिणगी सशक्त. पिवळट-नारिंगी आणि निःशब्द असेल तर अशक्त. प्लगची वायर मोकळी धरून, धातूपासून लांब ठेवून इंजिन फिरवू नये. हजारो व्होल्टना वाट मिळाली नाही तर ते कॉइल किंवा सीडीआयच्या आतून वाट काढतात. जवळपास सांडलेले पेट्रोल नाही, प्लगच्या भोकातून उडणारी वाफ ठिणगीकडे येत नाही, हे आधी पाहून घ्यावे.

ठिणगी अशक्त असेल तर टोपी फिरवून काढावी, वायरीचे टोक अर्धा सेंटिमीटर कापून ताज्या तांब्यावर टोपी पुन्हा बसवावी. खाऱ्या हवेतले टोक हिरवे पडलेले असते आणि कितीतरी मिसिंग एवढ्यानेच जाते. टोपीचा अडथळा साधारण ५ हजार ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर टोपी गेली. अंधारात इंजिन चालू ठेवून वायर आणि कॉइलकडे पाहिले तर तडा गेलेल्या जागेतून निळसर ठिणग्या इंजिनाकडे उडताना दिसतात. पावसात बंद पडणारी आणि उन्हात नीट चालणारी गाडी अशाच तड्याची असते. गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर पिकअप कॉइल किंवा इग्निशन कॉइल गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच मोजावी. थंड झाल्यावर ती पुन्हा बरोबर आकडे दाखवते आणि दोष निसटतो.

वीज आणि फटका जिथे भेटतात

चालत्या गाडीत इग्निशन क्षणभर गेली तर काय होते, हे समजले की अर्धे कोडे सुटते. कार्बोरेटरला ठिणगी गेल्याचे कळत नाही. चाक इंजिनाला फिरवत राहते, पिस्टन मिश्रण ओढत राहतो आणि ते न जळता सायलेन्सरमध्ये भरत जाते. संपर्क परत आला, पुढचा ठोका पेटला, त्याची ज्वाळा बाहेर आली की साठलेले सगळे एकदम उडते. म्हणजे खड्ड्यात किंवा हँडल वळवताना झटका बसून लगेच मोठा फटका येत असेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी चावीचा स्विच, त्याचा कपलर आणि हँडलखालच्या वायरी पाहाव्यात.

इंजेक्शनच्या गाडीत हेच वेगळ्या तऱ्हेने बोलते. चावीपासूनचा पुरवठाच तुटला तर पंप आणि इंजेक्टरही थांबतात, म्हणून झटका बसतो पण फटका येत नाही. फटकाही आला तर इंजेक्टर काम करत होता आणि फक्त ठिणगी हरवली होती, म्हणजे शोध कॉइल, टोपी आणि प्लग एवढ्यावर येतो.

अवेळी पडणारी ठिणगी क्वचित आढळते, पण ती फसवते. मॅग्नेट क्रँकवर एका छोट्या लोखंडी चावीने बसवलेला असतो. नट सैल राहून ती चावी चिरडली तर मॅग्नेट थोडा सरकतो, ठिणगी सशक्त असूनही टायमिंग चुकते, किक उलटा झटका देते आणि फटके दोन्ही बाजूंनी येतात. नुकतेच मॅग्नेट काढून काम झालेल्या गाडीत हा संशय आधी घ्यावा.

हवा, पेट्रोल आणि सायलेन्सर

ठिणगी निर्दोष ठरली की मगच मिश्रणाकडे वळायचे. रेस सोडल्यावर उतारावर येणारी ‘पट पट पट’ ही वेगळी तक्रार आहे. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा घाट उतरताना ती ठळक ऐकू येते. रेस बंद असताना कार्बोरेटरमधून फार थोडे पेट्रोल येते, मिश्रण इतके पातळ होते की काही ठोके पेटतच नाहीत आणि त्यांचे पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते. तिथे बाहेरची हवा मिळाली तरच आवाज होतो. म्हणून आधी सायलेन्सरचा जोड पाहावा. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओले फडके क्षणभर दाबले की सिलिंडरजवळच्या जोडातून किंवा सडलेल्या पत्र्यातून ‘फस्स’ आवाज येतो. तिथे काजळीचा डागही असतो. हेडजवळचे गास्केट बदलून दोन नट सारखे आवळणे हा उपाय स्वस्त आहे. भोक पडलेल्या सायलेन्सरला वेल्डिंग करता येते, पण आतून सडलेला पत्रा वेल्डिंग धरत नाही. ठिगळाशेजारी नवे भोक पडते.

अनेक बीएस-३ आणि बीएस-४ स्कूटरांत प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. रेस सोडली की इंटेकच्या ओढीने तो बंद व्हायचा असतो. त्याची बारीक रबरी नळी चिरली किंवा निसटली तर तो उघडाच राहतो आणि उतारावर फटाके वाजतात. काही रुपयांच्या नळीसाठी कार्बोरेटर बदललेला असतो, हे चांगले नाही.

सीटखालून येणारा ‘टप्प’ मात्र हवा ओढली जात असल्याचा किंवा व्हॉल्व्हचा असतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबरी मॅनिफोल्ड उन्हाने तडकतो. इंजिन संथ चालू ठेवून त्यावर साबणाचे पाणी शिंपडले आणि चाल बदलली, तर तिथून हवा आत जात आहे. टॅपेटची फट थंड इंजिनात, पुस्तिकेतल्या आकड्याने, फिलर गेज लावूनच बसवावी. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट केले की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. फटके तर येतातच, शिवाय व्हॉल्व्हची बैठक जळते.

पेट्रोलमधले पाणी हे पावसाळ्यातले खास कारण. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतले आणि ते दहा मिनिटे स्थिर ठेवले की पाणी तळाशी वेगळे दिसते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून हे चित्र थोडे बदलले आहे. इथेनॉल थोडे पाणी स्वतःत सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाण्यासह वेगळे होऊन तळाला बसते आणि पंप किंवा नळी नेमके तेच आधी ओढते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी म्हणूनच अर्धी रिकामी ठेवू नये.

इंजेक्शनच्या गाडीत मीटरवरचा पिवळा इंजिन दिवा दोष सांगतो. काही गाड्यांत तो लांब-आखूड लुकलुकण्याच्या संख्येतून सांकेतिक क्रमांक दाखवतो, काहींत सर्व्हिस सेंटरच्या यंत्राची गरज पडते. तो क्रमांक शेवटचा शब्द समजू नये. एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत जात असेल तर ऑक्सिजन सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवते आणि प्लग काळा पडतो. सेन्सर बदलून काही होत नाही, कारण तो खरेच सांगत असतो. सेन्सरच्या कपलरमधल्या काळ्या पिना काँटॅक्ट क्लीनरने धुणे हे सेन्सर विकत घेण्याआधीचे काम आहे.

मिसिंग मारणारी गाडी तशीच चालवत राहणे मात्र धोक्याचे आहे. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये न जळलेले पेट्रोल जळू लागते, तो लालबुंद होतो आणि त्याची आतली जाळी वितळून वाट अडवते. मग गाडीला पिकअप राहत नाही आणि पूर्ण सायलेन्सरच बदलावा लागतो. कोरड्या गवतावर उभी केलेली अशी गाडी आगही लावू शकते.

चिंचणी किंवा केळव्याच्या वाळूवर फिरवून आणलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने, पण हलक्या धारेने धुवावी. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने कपलरमध्ये आणि प्लगच्या टोपीत शिरलेले पाणी बरेच दिवस सुकत नाही. बाहेरून जोडलेल्या वायरींचे टेप गुंडाळलेले जोड सोल्डर करून त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, आणि ते पायाखालच्या पत्र्याजवळ न ठेवता उंचावर बांधावेत.

दुरुस्तीनंतर एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून पाहावी, नाही तर कशाने गुण आला ते कळत नाही. दहा-बारा किलोमीटर, थोडा चढ आणि थोडा उतार असलेल्या रस्त्यावर चालवून आणल्यावर इंजिन बंद करावे, ते थंड झाले की प्लग काढून रंग पाहावा आणि बॅटरीचे व्होल्टेज दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावे. प्लग तपकिरी आणि मीटरवर १२.६ असेल तर काम झाले.